एकदांच उडणारें विमान



शेतांतल्या माळ्यावर उभा राहून पिकाची राखण करणारा राखणदार आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याच्या हातांत गोफण असते. तिचा दगड पांखरास क्वचितच लागतो. पण गोफण गरगरूं लागली कीं पांखरें कणसावर बसत नाहींत. पांखरें मारणें हें राखणदाराचें काम नव्हे, कणसें वांचविणें हें त्याचें काम. आज मी आपणांस एका अशाच गोफणीची हकीकत सांगणार आहें. ही गोफण मात्र ज्वारीच्या शेतांतली नव्हे, अटलांटिक आणि उत्तर ध्रुवाकडील समुद्रांतली आहे. तिच्यांत दगडाच्या जागीं जवळजवळ तीन टन वजनाचें लढाऊ विमान ठेवलेलें असे आणि त्या विमानांत एक जिवंत माणूस बसलेला असे. शिवाय राखणदाराच्या पायाशीं दगडांची रास असते. ह्या गोफणीजवळ दगड एकच होता.

ही विलक्षण योजना कां करावी लागली, तें प्रथम पाहूं.

दुसरें महायुद्ध सुरू होऊन नऊ-दहा महिने होतात तोंच, म्हणजे जून १९४० मध्यें, फ्रान्सनें शस्त्रें खालीं ठेवलीं. फ्रान्सचा सारा पश्चिम किनारा जर्मनांच्या हातीं गेला. इंग्लंड हें बेट. त्याचें धान्य, तेल, लांकूड, लोखंड, दारूगोळा, सारें समुद्रावरून यावयाचें. तें आणणारीं जहाजें तांडे करून, आरमाराच्या पहाऱ्यांत, अटलांटिक ओलांडीत. आजवर त्यांना भय होतें तें मुख्यतः पाण्याखालच्या पाणबुड्यांचें. आतां आकाशांतूनही भय उत्पन्न झालें.

ह्या भयाचें नांव ‘कोंडोर’. फोके-वुल्फ कंपनीचें हें चार इंजिनांचें विमान मूळचें उतारूंसाठीं बांधलेलें होतें. ऑगस्ट १९३८ मध्यें तें बर्लिनहून वाटेंत कोठेंही न उतरतां सुमारें पंचवीस तासांत न्यूयॉर्कला जाऊन पोंचलें, तेव्हां जगानें त्याचें कौतुक केलें होतें. युद्ध लागल्यावर त्याच्या पोटांत उतारूंच्या जागीं पेट्रोलच्या टांक्या आणि बाँब आले. बोर्दो शहराजवळील मेरिन्याक येथील विमानतळावरून तें सकाळीं निघे, आयर्लंडच्या पश्चिमेकडून मोठा वळसा घेई आणि प्रसंगीं परत न फिरतां नॉर्वेमध्यें जाऊन उतरे.

कोंडोरचें उपद्रवी काम दुहेरी होतें. एकटें-दुकटें जहाज दिसलें कीं तें स्वतःच त्यावर बाँब टाकी. ऑक्टोबर १९४० मध्यें ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ हें बेचाळीस हजार टनी प्रवासी जहाज एका कोंडोरनें असेंच पेटवून दिलें, आणि दोन दिवसांनीं, तें ओढून नेलें जात असतांना, एका पाणबुडीनें त्याला तळ दाखविला. परंतु मोठा तांडा दिसला तर कोंडोर जवळ येण्याची घाई करीत नसे. तोफांच्या टप्प्याबाहेर राहून तें तांड्याभोंवतीं घिरट्या घाली आणि तांडा कोठें आहे, कोणत्या दिशेनें चालला आहे, त्याची गति काय, ह्याची वर्दी बिनतारी यंत्रानें पाठवी. ती ऐकून पाणबुड्या गोळा होत. जहाजावरील खलाशांना क्षितिजाजवळ फिरणारा तो काळा ठिपका तासन् तास दिसत राही. आपणांवर कोणीतरी नजर ठेवून आहे, रात्रीं त्याचें फळ भोगावें लागणार आहे, आणि आपण कांहींच करूं शकत नाहीं, ही जाणीव बाँबइतकीच वाईट.

ह्यावर उपाय म्हणजे लढाऊ विमान. कोंडोर आकारानें मोठें, पण बांध्यानें नाजूक होतें. लढाऊ विमानापुढें त्याचा टिकाव लागणें कठीण. पण किनाऱ्यावरून निघालेलें लढाऊ विमान पांचशें मैलांवरील तांड्याच्या रक्षणास कसें पुरावें? विमानवाहू जहाजें इंग्लंडजवळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच होतीं आणि तीं लढाऊ आरमारासही अपुरीं पडत. तेव्हां तांड्यांतील साध्या मालवाहू जहाजावरच एक लढाऊ विमान ठेवावें आणि गरज पडतांच तें तेथूनच हवेंत फेकावें, अशी कल्पना पुढें आली. ६ मार्च १९४१ रोजीं पंतप्रधान चर्चिल यांनीं अटलांटिकच्या लढाईविषयीं आज्ञापत्र काढलें, त्यांत जहाजांवरून लढाऊ विमानें फेकण्याच्या सोयीस अग्रक्रम देण्याची आज्ञा होती. ५ मे १९४१ रोजीं लिव्हरपूलजवळील स्पीक येथें हवाई दलाचें एक निराळें पथकच ह्या कामासाठीं उभें राहिलें. अशा पस्तीस व्यापारी जहाजांवर हें यंत्र बसविण्यांत आलें.

आतां ह्या यंत्राची रचना समजावून घेऊं. मालवाहू जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदीं पुढच्या टोंकाशीं, सुमारें सत्तर-पंच्याहत्तर फूट लांबीची एक पोलादी घसरपट्टी बसविलेली असे. तिच्यावर एक गाडा, आणि गाड्यावर ‘हरिकेन’ जातीचें, आठ मशीनगनांचें, एका माणसाचें विमान. गाड्याच्या मागें अग्निबाणांची जुडी लावलेली असे. ती पेटली कीं गाडा विमानासकट पुढें झेंप घेई आणि पट्टीच्या शेवटीं गाडा अडून विमान तेवढें पुढें सुटे. विमानतळावर शेंकडों यार्ड धांवल्यावर जो वेग यावयाचा, तो येथें एक-सव्वा सेकंदांत यावयाचा. त्या धक्क्यानें वैमानिकाचा हात मागें खेंचला गेला आणि सुकाणूची दांडी हलली, तर विमान पाण्यांतच जावयाचें. म्हणून त्यानें डोकें मागच्या उशीस टेकावें आणि उजवें कोपर कंबरेशीं घट्ट दाबून धरावें, असा शिरस्ता होता. जहाजाचें तोंड वाऱ्याकडे वळविलेलें असे, आणि नाळ लाटेवर चढत असतांना बाण पेटवावयाचे. कारण उतरत्या नाळेवरून सुटलेलें विमान सरळ पुढच्या लाटेंत शिरण्याचा धोका असे.

येथवर योजना सरळ दिसते. खरी अडचण पुढेंच आहे. ह्या जहाजांस विमान उतरण्यासाठीं सपाट फळी नव्हती. मधल्या भागीं नेहमींप्रमाणें मालाचीं तळघरें, त्यांवरील याऱ्या, डोलकाठ्या आणि धुराडें. म्हणजे विमान जहाजावरून जाऊं शके, पण जहाजावर परत येऊं शकत नसे. काम संपल्यावर वैमानिकापुढें तीनच वाटा असत. जमीन पेट्रोलच्या आटोक्यांत असली तर तिकडे जावें; नाहीं तर विमान पाण्यावर उतरवावें; किंवा हवाई छत्री घेऊन उडी टाकावी. पाण्यावर उतरणें ‘हरिकेन’ला मानवणारें नव्हतें. त्याच्या पोटाखालीं इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्राचें मोठें तोंड असे. तें पाण्यांत शिरतांच विमान नाकावर कलंडून झपाट्यानें बुडे. म्हणून बहुधा उडीच पत्करावी लागे. मग रबरी होडींत बसून, तांड्यांतील एखादें संरक्षक जहाज आपणांस उचलील अशी वाट पाहावयाची.

ह्यावरून आपल्या ध्यानांत येईल कीं, विमान सोडावयाचें कीं नाहीं, हा निर्णय किती जड असेल. विमान फार लौकर सोडलें आणि आलेला शत्रु एकटा टेहळ्याच निघाला, तर पुढें बाँबफेक्यांची टोळी आली असतां तांडा उघडा पडे. फार उशिरां सोडलें, तर बाँब पडून गेलेले असत. ढग फार खालीं असले तर शत्रु त्यांत दडे. लाटा फार मोठ्या असल्या तर उडी टाकलेल्या माणसास शोधणें अशक्य होई. उत्तरेकडील समुद्रांत पाणी इतकें थंड कीं, त्यांत पडलेला माणूस कांहीं मिनिटांपलीकडे हातपाय हलवूं शकत नसे. म्हणून ह्या जहाजांवर महिनोन् महिने बसून राहणें आणि योग्य घटका येईपर्यंत हात आवरणें, हाच नोकरीचा मोठा भाग होता.

ह्या नोकरीवरील माणसांची व्यवस्थाही मजेची होती. वैमानिक हवाई दलांतील, आणि स्वेच्छेनें आलेले. रशियाच्या वाटेवर, जेथें उन्हाळ्यांत रात्र जवळजवळ होतच नाहीं, तेथें पहाऱ्याच्या पाळ्यांसाठीं दोन वैमानिक असत. बिनतारी यंत्रावरून विमानास दिशा सांगणारा अधिकारी आरमाराचा. इंजिनाची आणि सांगाड्याची निगा राखणारे कारागीर हवाई दलाचे. खाऱ्या पाण्याचे फवारे अंगावर घेत उघड्यावर राहिलेलें विमान सदैव सज्ज ठेवणें, हें त्यांचें काम मोठ्या चिकाटीचें होतें. आणि जहाज व त्याचा कप्तान हे तर व्यापारी पेशाचे. म्हणून हवाई दलाच्या ह्या मंडळीस जहाजाच्या करारपत्रावर खलाशांप्रमाणें सह्या कराव्या लागत आणि कप्तानाच्या हुकमतींत राहावें लागे. जहाजाच्या पोटांत माल नेहमींसारखाच भरलेला असे.

ओघानें एक गोष्ट सांगावीशी वाटते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांत आपल्याकडचीं माणसें त्या युद्धांत थोडीं नव्हतीं. रत्नागिरीकडील खलाशी, गोव्याचे बटलर आणि भटारी, सिल्हटकडील आगवाले, असे हजारों लोक मुंबई आणि कलकत्ता येथील बंदरांतून ह्या जहाजांवर चढले, आणि त्यांतले कित्येक परत आले नाहींत. तांड्याच्या रक्षणाची गोष्ट ऐकतांना, ज्यांचें रक्षण होत होतें त्यांत आपलींही घरें होतीं, हें विसरतां कामा नये.

गोफणीचा पहिला अनुभव कांहीं उत्साहवर्धक नव्हता. ‘मायकेल ई’ हें असें यंत्र बसविलेलें पहिलें व्यापारी जहाज मे १९४१ च्या अखेरीस निघालें आणि २ जून रोजीं पाणबुडीच्या पाणतीरानें बुडालें. विमान जागच्या जागींच राहिलें. आकाशांतल्या शत्रूसाठीं केलेली योजना पाण्याखालच्या शत्रूवर चालत नाहीं, हें पहिल्याच सफरींत दिसलें. पुढें ३ ऑगस्ट १९४१ रोजीं आरमाराच्या ताब्यांतील ‘मॅपलिन’ ह्या जहाजावरून अशाच रीतीनें उडालेल्या लेफ्टनंट एव्हरेट यांनीं एक कोंडोर पाडलें, तेव्हां कल्पना खरी ठरली. हेच एव्हरेट १९२९ सालीं ‘ग्रेगॅलॅक’ नांवाच्या घोड्यावर बसून इंग्लंडांतील ‘ग्रँड नॅशनल’ ही प्रसिद्ध अडथळ्यांची शर्यत जिंकलेले घोडेस्वार होते. १ नोव्हेंबर १९४१ रोजीं ‘एम्पायर फोम’ ह्या व्यापारी जहाजावरून फ्लाइंग ऑफिसर व्हार्ली यांनीं उड्डाण केलें. समोरचें कोंडोर ढगांत पळून गेलें. शत्रु पडला नाहीं. पण पांखरू कणसावर बसलें नाहीं, आणि राखणदाराचें काम झालें.

आतां एका जहाजाची हकीकत जरा सविस्तर ऐका. त्याचें नांव ‘एम्पायर मॉर्न’. युद्धकाळांत ब्रिटिश सरकारनें स्वतःच्या मालकीचीं जीं मालवाहू जहाजें बांधविलीं किंवा मिळविलीं, त्यांचीं नांवें बहुतेक ‘एम्पायर’ ह्या शब्दानें सुरू होत. ‘एम्पायर मॉर्न’ हें सात हजार टनांचें जहाज १९४१ सालीं बॅरो येथील व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या कारखान्यांत बांधलें गेलें. रूपानें तें इतर शेंकडों मालवाहू जहाजांसारखेंच होतें. फरक इतकाच कीं, त्याच्या नाळेवर घसरपट्टी होती आणि पट्टीवर विमान.

१९४२ च्या वसंतांत त्याच्या वाट्यास रशियाची वाट आली. जर्मनीनें रशियावर स्वारी केल्यापासून मित्रराष्ट्रें रशियास रणगाडे, विमानें आणि दारूगोळा पाठवीत होतीं, आणि त्यासाठीं सर्वांत जवळचा मार्ग नॉर्वेच्या उत्तर टोंकास वळसा घालून जाणारा होता. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यांत असल्यामुळें त्या मार्गाच्या एका बाजूस शत्रूचे विमानतळ आणि दुसऱ्या बाजूस बर्फ. एप्रिलच्या अखेरीस आइसलंडहून निघालेल्या ‘पीक्यू १५’ ह्या तांड्याबरोबर ‘एम्पायर मॉर्न’ निघालें. वाटेंत पाणतीर टाकणाऱ्या विमानांनीं तांड्यांतील तीन जहाजें बुडविलीं. उरलेल्यांबरोबर ‘एम्पायर मॉर्न’ मुर्मान्स्कला पोंचलें, आणि २१ मे रोजीं ‘क्यूपी १२’ ह्या पंधरा जहाजांच्या परतीच्या तांड्यांत तें पुन्हां समुद्रांत आलें.

२५ मेच्या सकाळीं जर्मन विमानें तांड्याभोंवतीं फिरूं लागलीं. टेहळ्यांना असेंच फिरूं दिलें तर त्यांच्यामागून बाँबफेके येणार, हें स्पष्ट होतें. विमान सोडण्याचा निर्णय झाला. त्या वेळीं पाळीवर होते फ्लाइंग ऑफिसर जॉन केंडल. १९४० सालच्या ब्रिटनवरील हवाई युद्धांत भाग घेतलेला हा तरुण वैमानिक. बाण पेटले आणि ‘हरिकेन’ हवेंत गेलें. आरंभीं एक टेहळणी विमान त्यांना चुकवून ढगांत शिरलें. मग त्यांनीं ‘युंकर्स ८८’ जातीचें दुसरें विमान गांठलें आणि तें समुद्रांत पाडलें.

काम झालें होतें. आतां परत यावयाचें, म्हणजे उडी टाकावयाची. संरक्षक जहाजापाशीं येऊन केंडल यांनीं उडीची तयारी केली. ढग फार खालीं होते. खालच्या जहाजांवरील माणसें डोळे लावून पाहत होतीं. विमान ढगांतून एकटेंच खालीं आलें आणि समुद्रांत पडलें. मागून माणूस पडतांना दिसला; परंतु त्याची छत्री वेळेवर उघडली नाहीं. ती उघडूं लागली तेव्हां पाणी अगदीं जवळ आलें होतें. संरक्षक जहाजानें केंडल यांना उचललें, पण जबर दुखापतींमुळें थोड्याच वेळांत त्यांचा अंत झाला.

‘क्यूपी १२’ मधील एक जहाज वाटेंतून मागें फिरलें होतें. बाकीचीं चौदा जहाजें सुरक्षित पोंचलीं. त्या तांड्यांतलें एकही जहाज शत्रूस बुडवितां आलें नाहीं.

त्याच दिवशीं उलट दिशेनें, म्हणजे रशियाकडे, जाणाऱ्या ‘पीक्यू १६’ ह्या तांड्यांतील ‘एम्पायर लॉरेन्स’ जहाजावरूनही एक विमान सुटलें. वैमानिक हे यांनीं एक ‘हाइंकेल’ पाडलें आणि दुसऱ्यास जखमी केलें. ते स्वतः घायाळ झाले. आणि दुर्दैव असें कीं, परत येतांना आपल्याच तांड्यांतील एका जहाजाच्या तोफवाल्यांनींही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आकाशांतून येणारें प्रत्येक विमान शत्रूचेंच, ही त्या तोफवाल्यांची दिवसरात्रींची संवय. हे यांना पाण्यांतून जिवंत काढण्यांत आलें. पण गोफणींतला दगड सुटून गेला होता. दोन दिवसांनीं बाँबफेक्यांनीं ‘एम्पायर लॉरेन्स’च बुडविलें. एकच दगड असण्याचा अर्थ काय, हें ह्या दोन दिवसांत दिसून येतें.

‘एम्पायर मॉर्न’नें नवें विमान घेतलें आणि सप्टेंबर १९४२ मध्यें तें पुन्हां रशियाच्या वाटेस लागलें. मधल्या काळांत ‘पीक्यू १७’ ह्या तांड्याचीं चोवीस जहाजें बुडालीं होतीं, आणि त्यामुळें पुढचा तांडा, ‘पीक्यू १८’, मोठ्या बंदोबस्तानें निघाला. त्याच्याबरोबर ‘अव्हेंजर’ हें लहान विमानवाहू जहाजही होतें. तरीसुद्धां ह्या तांड्याचीं तेरा जहाजें बुडालीं. पुढें ‘अव्हेंजर’ परतीच्या तांड्याबरोबर माघारीं फिरलें. म्हणजे ‘पीक्यू १८’ च्या शेवटच्या टप्प्यांत, श्वेतसमुद्राच्या तोंडाशीं येत असतांना, तांड्याजवळ लढाऊ विमान उरलें तें ‘एम्पायर मॉर्न’वरचें एकच.

१८ तारखेस पाणतीरवाल्या ‘हाइंकेल’ विमानांची टोळी आली. पहिल्या हल्ल्यांत एक जहाज कामास आलें. दुसरी टोळी दिसली तेव्हां फ्लाइंग ऑफिसर बर् यांना सोडण्यांत आलें. तांड्यांतील जहाजांनीं शत्रूस अडविण्यासाठीं वर सोडलेले फुगे आणि त्यांच्या पोलादी तारा, आणि चोहोंकडून सुटणारा तोफांचा मारा, ह्यांतून वाट काढीत ते शत्रूवर चालून गेले. एक ‘हाइंकेल’ त्यांनीं पाडलें आणि टोळीची फळी विसकळित केली. गोळ्या संपल्यावरही ते कांहीं वेळ आकाशांत राहिले. कारण आपल्या बंदुका रिकाम्या आहेत हें शत्रूस ठाऊक नव्हतें.

आतां त्यांच्यापुढेंही केंडल यांच्यापुढचाच प्रश्न होता. उडी टाकावी तर विमान गेलें, आणि पाणी गोठवून टाकणारें. जमीन होती, पण दूर. दोनशें मैलांहून अधिक अंतरावर, अर्खंगेल्स्क शहराजवळ, केग-ओस्त्रोव्ह नांवाचा विमानतळ होता. बर् यांनीं पेट्रोलाचा हिशेब केला आणि दक्षिणेची वाट धरली. ते तेथें उतरले तेव्हां टांकींत अगदींच थोडें पेट्रोल शिल्लक होतें. ह्या योजनेंत उडालेलें विमान वैमानिकासह जमिनीवर धडधाकट परत यावें, हा प्रसंग दुर्मिळ.

एकच जहाज, एकच पट्टी, चार महिन्यांचें अंतर. दोघांही वैमानिकांनीं सांगितलेलें काम केलें. एकाच्या डोक्यावर ढग होते आणि छत्री उघडण्यास वेळ उरला नाहीं. दुसऱ्याच्या टांकींत जमीन गांठण्यापुरतें पेट्रोल होतें. फरक शौर्याचा नव्हता. म्हणून अशा योजनांचा विचार करतांना केवळ यशस्वी उड्डाणाकडे पाहून भागत नाहीं, आणि केवळ मृत्यूकडे पाहूनही भागत नाहीं.

‘एम्पायर मॉर्न’चा पुढील इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. २६ एप्रिल १९४३ रोजीं मोरोक्कोच्या किनाऱ्यावर, कासाब्लांकाजवळ, एका जर्मन पाणबुडीनें पेरून ठेवलेल्या सुरुंगावर तें आदळलें. जहाज बुडालें नाहीं, पण त्याचें इतकें नुकसान झालें कीं युद्धांत तें पुन्हां समुद्रावर जाऊं शकलें नाहीं. ज्या जहाजानें आकाशाकडे डोळे लावून एवढ्या सफरी केल्या, त्याला धक्का बसला तो पाण्याखालून.

तोंवर ह्या सबंध योजनेचेंही काम संपत आलें होतें. ‘अव्हेंजर’सारखीं लहान विमानवाहू जहाजें आतां पुरेशा संख्येनें तयार होऊं लागलीं. धान्य किंवा तेल वाहणाऱ्या व्यापारी जहाजांवरच सपाट फळी बसवून त्यांवरून विमानें उडवावयाचीं आणि परत उतरवावयाचीं, अशी नवी सोयही १९४३ मध्यें सुरू झाली. परत येऊं शकणारें विमान असतांना, परत न येणारें कोण वापरील? २८ जुलै १९४३ रोजीं सिएरा लिओनकडून येणाऱ्या तांड्याच्या रक्षणार्थ ‘एम्पायर डार्विन’ आणि ‘एम्पायर टाइड’ ह्या दोन जहाजांवरून स्ट्यूअर्ट आणि फ्लिन हे दोन वैमानिक उडाले. हींच शेवटचीं उड्डाणें. ७ सप्टेंबर १९४३ रोजीं स्पीक येथील पथक मोडण्यांत आलें.

आतां जमाखर्च मांडूं. पस्तीस जहाजें, सुमारें एकशें सत्तर जाण्यायेण्याच्या सफरी, त्या पस्तिसांपैकीं बारा जहाजें बुडालीं. आणि शत्रूवर प्रत्यक्ष विमान सोडण्याचे प्रसंग आले ते मात्र दहाच्याही आंत. वरवर पाहणारा म्हणेल, एवढा खटाटोप आणि एवढेंसें फळ! पण हा आंकडा बोलतो तो सुटलेल्या दगडांचा. न सुटलेल्या दगडांचा हिशेब कोठें लिहिलेला नसतो. नाळेवर विमान दिसतांच जें कोंडोर दूर राहिलें, ज्याची वर्दी अर्धवट राहिली, जी पाणबुडी त्यामुळें वाट चुकली, त्यांची मोजदाद कोण करणार? राखणदाराची किंमत मेलेल्या पांखरांवरून ठरत नाहीं, घरीं आलेल्या धान्यावरून ठरते.

तरी ह्या उत्तरानें मनाचें पुरतें समाधान होत नाहीं, आणि होऊंही नये. ही योजना सुचविणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें कीं, आपण माणसास निघण्याचें साधन देत आहोंत, परतण्याचें देत नाहीं. त्याचें परतणें त्यांनीं इतरांवर सोंपविलें होतें: रबरी होडी शोधणाऱ्या टेहळ्याच्या डोळ्यांवर, धोका पत्करून थांबणाऱ्या संरक्षक जहाजाच्या कप्तानावर, ढगांच्या उंचीवर. हा विश्वास बहुतेक वेळां खरा ठरला. व्यापारी जहाजांवरून लढाईस उडालेल्या वैमानिकांपैकीं त्या कामगिरींत प्राण गमावला तो एकट्या केंडल यांनीं. इतकी जोखीम असूनही हानि एकाच माणसाची झाली, ह्याचें श्रेय त्यांना वेळेवर पाण्यांतून उचलणाऱ्या अनामिक खलाशांना द्यावयास हवें.

आणि तो एक माणूस ज्या तांड्यासाठीं गेला, त्या तांड्यांतलें एकही जहाज त्या सफरींत शत्रूच्या हातून बुडालें नाहीं. तीं जहाजें बंदरास लागलीं, खलाशी उतरले, पगार घेऊन घरोघर गेले. त्यांतल्या किती जणांना केंडल हें नांव ठाऊक होतें, कोण जाणे. आज आपणांस तें ठाऊक झालें, एवढ्यासाठीं ही हकीकत सांगितली.